मेंढीच्या पाठीवरचा गेरू

पाटणच्या एसटी स्टँडसमोर दादासोच्या हॉटेलात बसायचं तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं, ही सुभेदार बादशहा नदाफांची पहिली अट. ती खुर्ची रिकामी नसली तर ते उभ्यानं चहा पीत, पण दाराकडं पाठ करून बसत नसत. चहा आला की आधी कपाचा वास घेत. आता पाटणात त्यांच्यावर विषप्रयोग कोण करणार होतं, देव जाणे! दादासो म्हणायचा, "सुबेदार, इख लय म्हाग झालंय. मी साखर घालतानाच धा येळा इचार करतोय." सगळे हसत. सुभेदार हसत नसत. हसणाऱ्यांची तोंडं ते एकेक करून बघून घेत.

गाव त्यांना तोंडावर सुभेदार म्हणायचं आणि पाठीमागं 'शीआयडी'. घरी बायको शाहजादी. नवरा बादशहा नि बायको शाहजादी, नावं ऐकून परक्याला वाटावं की दारात हत्ती झुलत असतील. होतं काय, तर दोन खोल्या आणि भिंतीला टांगलेली सुभेदारांच्या बापाची धनुकली, म्हणजे कापूस पिंजायचं ते धनुष्य. नवराबायको घरात आपल्या मुसलमानी बोलीत बोलत. मी मात्र सगळं मराठीतच सांगतो, नाहीतर माझीच फजिती व्हायची. बाहेर पडताना सुभेदार दाराच्या फटीत सुताचा धागा अडकवून ठेवत आणि परतल्यावर तो जागेवर आहे का बघत. शाहजादी कपाळावर हात मारून घेई. "अहो, मी घरातच असते की! तो धागा रोज मीच तोडते, पाण्याला जाताना."

"तरी बघितलेलं बरं," सुभेदार म्हणत.

तर अशा माणसाच्या घरासमोर, त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर, एक बाई येऊन उभी राहायला लागली.

पहिल्या दिवशी ती विजेच्या खांबाजवळ थांबली. पस्तिशीच्या आतली, दंडात चांदीची वाकी, डोक्यावर घागर. घराकडं बघितलं आणि निघून गेली. सुभेदारांनी वेळ टिपून ठेवली, चार वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार वाजून पाच मिनिटं. घागर दोन्ही दिवस रिकामी. पाण्याला निघालेली बाई नदी सोडून वर गावात कशाला येईल? सुभेदारांच्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्या दिवशी ते खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले, तर ती बाई सरळ त्या फटीकडंच बघत होती.

"ही कोण?" त्यांनी शाहजादीला विचारलं.

"धनगरीण दिसते. केरा नदीपलीकडं भाऊसोच्या रानात मेंढरं बसवलीत. आटपाडीकडचे आहेत, कोकणात निघालेत. दर साली जातात. त्यात काय एवढं?"

आटपाडी आणि धनगर. हे दोन शब्द एकत्र ऐकले आणि सुभेदारांनी दाराला आतून कडी घातली. त्या बाजूनं कुणीतरी येईल, एक दिवस नक्की येईल, याची बावीस वर्षं ते वाट बघत होते. म्हणून तर तो धागा, म्हणून ती भिंतीकडची खुर्ची.

कशाची भीती, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

बादशहा हा गावोगाव गाद्या भरत हिंडणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा. एकावन्न साली फौजेत गेला आणि पुढं बरीच वर्षं नुसती रायफल पुसत राहिला. पासष्टच्या लढाईच्या आधीच्या हिवाळ्यात एका साहेबानं त्याला बराकीत स्वतःची गादी पिंजताना पाहिलं आणि त्याचं नशीब फिरलं. दोन महिन्यांत दाढी वाढलेला, खांद्यावर धनुकली टाकलेला एक पिंजारी सरहद्दीपलीकडच्या गावांतून हाळी देत हिंडू लागला. पिंजाऱ्यासमोर माणसं काहीही बोलतात. धनुकलीच्या आवाजात याला काय ऐकू येणार, असं त्यांना वाटतं. बादशहाला सगळं ऐकू यायचं. पण त्याचा खरा हुकमाचा एक्का म्हणजे रजयांचा आकडा. एका ठाण्यावर अचानक दीडशे रजया भरायचं काम निघालं, तेव्हा त्यानं ओळखलं की दीडशे माणूस येतंय आणि थंडीभर राहणार आहे. ती खबर अलीकडं पोचली आणि तंतोतंत खरी निघाली. पाच महिने जीव मुठीत धरून काढले. धरला गेला असता तर हा आमचा माणूस म्हणून सांगायलाही कुणी पुढं आलं नसतं. परत आल्यावर त्याला आपल्याच शिपायांवर नजर ठेवणाऱ्या गुप्त खात्यात घेतलं. तिथून पुढं संशय घेणं हीच त्याची नोकरी झाली.

आता एकाहत्तरचा ऑगस्ट. हा भाग सुभेदार दादासोच्या हॉटेलात पंधरा वर्षं सांगत आले होते, आणि लोकांना तो पाठ झाला होता.

राजस्थानच्या सरहद्दीवरचं एक ठाणं. तिथली खबर फुटत होती. गस्त कधी निघते, कुठून जाते, सगळं पलीकडं कळत होतं. एका गस्तीवर दबा धरून गोळ्या घातल्या, दोन जवान गेले. हवालदार नदाफला हुकूम आला, फितूर शोधून काढ. ठाण्यात आटपाडीकडचा एक धनगर शिपाई होता, बिराप्पा. रविवारी बाकीचे झोपा काढायचे, पत्ते कुटायचे. हा उठून सरहद्दीच्या खांबांकडं जायचा. तिथं एका म्हाताऱ्याची मेंढरं चरत. तेव्हा तारेचं कुंपण नव्हतं, मेंढरं कधी खांबाच्या अलीकडं तर कधी पलीकडं. बिराप्पा त्यांच्यात जाऊन बसायचा, आणि तो परतला की काही मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा दिसायचा. नदाफनं दुर्बीण लावून पट्टे मोजले. पहिल्या रविवारी सात, आणि त्याच आठवड्यात ठाण्यात सात ट्रक आले होते. दुसऱ्या रविवारी चार. तोफाही चार आल्या होत्या. तिसऱ्या रविवारी अकरा. नवे तंबू मोजले, अकरा!

"मेंढरं पलीकडं चरायला जाणार, तिकडं बसलेला गडी पाठी मोजणार. ना कागद, ना वायरलेस. मेंढरांची तार!" इथं सुभेदार टेबलावर थाप मारत आणि ऐकणारे "आयला!" म्हणत. बिराप्पाला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली, फौजेतून नाव कापलं गेलं. नदाफला बढती मिळाली.

गेल्या हिवाळ्यात देशात ठिकठिकाणी जाळपोळ झाली, तेव्हा पाटणात कुणी काडीही ओढली नाही. पण हॉटेलातली चारदोन तोंडं सुभेदारांकडं वेगळी बघायला लागली. कुणीतरी हसत हसत विचारलं, "सुबेदार, मॅच लागली की तुमी कुनाकडनं वो?" त्या दिवशी सुभेदारांनी मेंढरांची तार पुन्हा सांगितली, अगदी रंगवून रंगवून. मग दर आठवड्याला सांगायला लागले. तोंडं परत सरळ झाली. ती गोष्ट म्हणजे त्यांचं रेशनकार्डच झालं म्हणा ना. विचारलं की काढून दाखवायचं.

चौथ्या दिवशी बाई खांबाजवळ आली तेव्हा सुभेदार आधीच रस्त्यावर होते. माणसाचा माग पाठीमागून काढायचा नसतो, पुढून काढायचा. ज्याला पाठलागाची शंका येते तो मागं वळून बघतो, पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्याकडं त्याचं लक्ष जात नाही. तिची परतायची वाट त्यांना ठाऊक होती. ते पूल ओलांडून तिच्या आधी भाऊसोच्या रानात पोचले आणि आंब्याच्या बुंध्याआड उभे राहिले. रानात दोनेकशे मेंढरं, एक घोडं, बिऱ्हाडाची बोचकी. बिराप्पा इथंच असेल? म्हातारा झाला असला तरी धनगराच्या हातात कुऱ्हाड असते. सुभेदारांनी कोटाच्या खिशातला चाकू चाचपला.

बाई आली. घागर उतरवली आणि इकडं न बघताच म्हणाली, "या बाबा, आंब्याच्या भाईर या. कुत्री मघाधरनं सांगत्यात, कुनीतरी लपलंय म्हनून."

सरहद्दीपलीकडं पाच महिने कुणाला सापडला नाही तो माणूस, आणि आटपाडीच्या दोन कुत्र्यांनी धरला! सुभेदार बाहेर आले. ओशाळून इकडंतिकडं बघत राहिले.

बाईनं त्यांना बस म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. ती आपल्या कामाला लागली. तिचा नवरा एकेक मेंढी धरून आणी, ती बांबूच्या नळीनं मेंढीच्या तोंडात निळसर पाणी ओती. मग शेजारच्या वाटीत अंगठा बुडवून मेंढीच्या पाठीवर लाल पट्टा ओढी आणि मेंढी सोडून देई. सुभेदारांनी सवयीनं मोजलं. एक, दोन, तीन. सातव्या मेंढीला नवऱ्यानं हात झटकले.

"हे कशाला?" सुभेदारांनी विचारलं.

"काय कशाला?"

"गेरू."

"दवा पाजल्याली खूण. मोरचुदाचं पानी हाय, जंतावरचं. लय कडक असतंय, बाबा. दुबार पाजलं तर मेंढरू मरतंय. मेंढरं समदी येकासारखी येक, खूण नगो व्हय? ज्येला जंत झाल्यात त्येलाच पाजायचं. आज सात निगाली."

"सगळे धनगर करतात असं?"

"मेंढरावालं समदं करत्यात. तुमच्या हितल्या डोंगरावरचं न्हाईत करत. त्येंच्या म्हशी असत्यात."

सुभेदारांनी मेंढ्यांच्या पाठीवरचे पट्टे पुन्हा मोजले.

आता काय झालं ते नीट ऐका. पाटणच्या डोंगरावर धनगर राहतात हे खरं, पण ते गवळी धनगर. दूध घालतात, म्हशी पाळतात. कोर्टमार्शलात बिराप्पानं गळा फोडून सांगितलं होतं की साहेब, ती औषधाची खूण आहे, मला घरच्या मेंढरांची आठवण येते म्हणून मी त्या म्हाताऱ्याची मेंढरं बघायला जातो. साहेब लोक पंजाबचे, बंगालचे. त्यांनी हवालदार नदाफला विचारलं, तुझ्याच मुलखातली माणसं ही, धनगर लोक अशी खूण करतात का? आणि नदाफनं छाती पुढं काढून शपथेवर सांगितलं, "साहेब, मी धनगरांच्या डोंगराखालीच जन्मलो. आमचे धनगर मेंढीला कधी रंग लावत नाहीत." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मेंढीच नाही तर रंग कुठून लावणार! पण त्या एका खऱ्या वाक्यानं माणूस पाच वर्षं दगड फोडायला गेला.

"बिराप्पा तुझा कोण?" सुभेदारांनी विचारलं.

"बा. मी हरणाबाई. सोमवारी त्या हाटेलाभाईर च्या पीत हुबी हुते. आत तुमी सांगत हुता. नाव न्हाई घेटलं तुमी, आटपाडीचा येक धनगर म्हनला. आटपाडीचा येक धनगर म्हंजी माझा बा की वो. मी च्या तसाच ठिवला."

"आणि मग चार दिवस काय बघत होतीस?"

"मानूस कसा दिसतोय त्यो बगत हुते. शिंगं असत्याल वाटलं हुतं. तुमी तर बायकूला मिरच्या वाळत घालू लागताय."

तरीही सुभेदारांच्या मानेवरचं भूत उतरेना. त्यांनी डोळे बारीक केले. "तुला कुणी पाठवलं? हे गेरूचं नाटक माझ्यासाठी मांडलंस ना?"

हरणाबाई पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "व्हय तर! मेंढरास्नी जंत बी तुमच्यासाठनंच झालं! बाबा, बा शाहत्तर साली तुरुंगातनं आला. गावानं फितूर म्हनून नाव ठिवलं ते अजून हाय. मला फितुराची पोर म्हनून बिजवराला दिली, ह्यो बघा हुबा हाय. मानूस सोन्यासारका निगाला ही माजी पुन्याई. बा बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजवायचा. लांबलांबनं लोक बघायला यायची. तुरुंगातनं आल्यापास्नं त्येच्या गळ्यात कुनी ढोल घातला न्हाई. सतरा वर्सं कडंला हुबा ऱ्हातो, आन् बोटानं मांडीवर ठेका धरतो."

सुभेदार घरी आले ते सरळ पेटीपाशी. आत त्यांची एकाहत्तरची डायरी होती. बाईचं बोलणं खोटं ठरवायचं तर पुरावा तिथंच सापडेल, असं स्वतःला सांगत त्यांनी पानं उलटली. पहिला रविवार सात, दुसरा चार, तिसरा अकरा. आणि खाली चौथा रविवार. एकोणीस. त्या आठवड्यात ठाण्यात एकोणीस असं काहीच आलं नव्हतं. ट्रक नाही, तोफ नाही, तंबू नाही. त्या आकड्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारली होती आणि रिपोर्टात तीनच रविवार लिहिले होते. आणखी पुढं ऑक्टोबरची नोंद. गस्तीवर पुन्हा गोळीबार. तेव्हा बिराप्पा महिनाभर कोठडीत होता. 'दुसरा साथीदार असावा' असं लिहून त्यांनी पान उलटलं होतं.

म्हणजे नुसतं अज्ञान नव्हतं. त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं, आणि कुठंतरी कळलंही होतं. जगाच्या चोऱ्या धुंडाळल्या आणि स्वतःच्या डायरीतली रेघ बावीस वर्षं झाकून ठेवली! सुभेदारांना स्वतःची शिसारी आली.

शाहजादीला त्यांनी सगळं सांगितलं. तिनं डायरी मिटून पेटीत ठेवली. मग म्हणाली, "कागद लिहा, सरकारला पाठवा. पण गावात बोलू नका. गेल्या साली त्या गोष्टीनं आपल्याला तारलं. ती मोडलीत तर आपल्याजवळ राहिलं काय?"

"खरं आहे," सुभेदार म्हणाले. त्यांनाही तीच भीती होती.

कऱ्हाडला कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून त्यांनी प्रतिज्ञापत्र करून घेतलं. चौथा रविवार लिहिला, ऑक्टोबर लिहिला, गेरूही लिहिला. सरकारला धाडण्याआधी तो बिराप्पाच्या हातात द्यायचा म्हणून विट्यावरून एसटीनं आटपाडीला उतरले तेव्हा शनिवारचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरला होता. बिराप्पा कुठं सापडेल हे विचारावं लागलं नाही. एवढ्या गर्दीत एकाच म्हाताऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार हात जागा मोकळी होती.

बिराप्पानं त्यांना लगेच ओळखलं. उठला नाही. "हवालदार नदाफ," म्हणाला. "कुनी धाडलं?"

"कुणी नाही. मीच आलो."

"तुमी कवा कुनी धाडल्याबिगर आलाय?"

सुभेदारांनी कागद पुढं केला. बिराप्पानं तो हातात घेतला नाही. आधी लांबूनच वाचला. मग घेऊन वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, उन्हात धरून बघितलं. "ह्यात काय घातलंय? ह्येच्यावर माझी सई घेनार, आन् फुडं? आता कशात घालनार हायसा मला?"

"तुझी सही नको. खाली माझीच आहे. चूक माझी होती, बिराप्पा. तुझं खरं होतं."

म्हाताऱ्याच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. सुभेदारांना वाटलं होतं तो रडेल, शिव्या देईल, निदान थुंकेल तरी. तो नुसता त्यांच्या डोळ्यांत बघत होता. आपण हजार माणसांकडं बघितलं ते असंच, हे सुभेदारांना कळलं आणि त्यांनीच नजर खाली केली.

"सरकार मला कवाच इसारलं," बिराप्पा शेवटी म्हणाला. आता तो अहोजाहो विसरला होता. "गाव न्हाई इसारलं. ह्यो कागद मी पंचास्नी दीन, वाचू देत देवळात. पन तू माझी गोष्ट हाटेलात सांगतोस म्हनं. पोरीनं सांगावा धाडला हुता, टेबलावर थापा मारतोस. जितं जितं सांगितलीस तितं जा आन् मोड. तशीच थाप मारून मोड. मग मला खरं वाटंल."

परतीच्या वाटेवर सुभेदारांनी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. कागद दिला, आता पुरे, असं विट्याला वाटलं. कऱ्हाडला वाटलं, बिराप्पाला कोण सांगायला जातंय? पाटणच्या स्टँडवर उतरले तेव्हा समोरच्या हॉटेलात नेहमीची मंडळी बसलेली होती. कुणीतरी हाक मारली, "या सुबेदार! ह्यो पावना कोयनानगरचा हाय, त्येला तुमची मेंढरांची तार ऐकवा."

सुभेदार आत गेले. भिंतीकडची खुर्ची रिकामी होती, पण ते बसले नाहीत. उभ्यानंच पहिल्यापासून सांगायला लागले. खांब, म्हातारा, मेंढरं, सात, चार, अकरा. पाहुणा पुढं सरकला. "आणि चौथ्या रविवारी एकोणीस," सुभेदार म्हणाले. हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. दादासोचा हात गाळणीवर थांबला. सुभेदारांनी गेरू सांगितला, मोरचूद सांगितला, डोंगरावरच्या म्हशी सांगितल्या, स्वतःची साक्ष शब्दनशब्द सांगितली. "त्याचं नाव बिराप्पा. तो निर्दोष होता. मी त्याला अडकवला," म्हणाले, आणि टेबलावर थाप मारली.

कुणी "आयला" म्हणालं नाही.

कोपऱ्यातून आवाज आला. क्रिकेटचा प्रश्न विचारणारा तोच. "मग सुबेदार, खरा फितूर कोन हुता?"

"माहीत नाही. सापडला नाही."

"न्हाई, म्हंजी, ठान्यात खबर तर फुटत हुती. पलीकडं पाच म्हैनं ऱ्हाऊन आल्याला, तितली वळख असल्याला, असा कोन हुता मग तितं?"

सगळी तोंडं सुभेदारांकडं वळली. दादासोसुद्धा बघत होता. सुभेदारांना त्या क्षणी काय काय बोलता आलं असतं! दीडशे रजया होत्या, बढतीचा कागद होता, पाच महिन्यांचा जीव होता. पण बिराप्पानंही गळा फोडून सांगितलंच होतं की. त्यांनी चहा पिऊन टाकला आणि घरी गेले. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. समोरून येणारा माणूस पानाच्या गादीशी उगाच थांबायला लागला. शाहजादी म्हणाली, "मी सांगत होते," आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "पण केलंत ते बरं केलंत."

वैशाख सरत आला तेव्हा मेंढरं कोकणातून परत फिरली. हरणाबाई या खेपेला खांबाजवळ थांबली नाही. सरळ ओट्यावर आली आणि शाहजादीकडं पाणी मागितलं.

"जत्रंला मी यस्टीनं जाऊन आले," ती सुभेदारांना म्हणाली. "पंचांनी देवळात कागद वाचला. निम्मी म्हनली खरं आसंल, निम्मी म्हनली बिराप्पानं सुबेदाराला फितवलं आसंल. पन पंचांनी बाच्या गळ्यात ढोल घातला."

"वाजवला?"

"न्हाई. हातच उचलला न्हाई. सतरा वर्सं मांडीवर वाजीवला, आन् ढोल गळ्यात आल्यावर बोटं हलंनात. नुसता हुबा ऱ्हायला. म्हनला, घरला चल."

हरणाबाईनं तांब्या खाली ठेवला आणि रस्त्याकडं बघून तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, त्या खांबापाशी दोगं हुबं हायती. मघाधरनं हिकडंच बघत्यात."

"रोज असतात," सुभेदार म्हणाले. "बघू दे त्यांना. चहा घेणार ना?"

त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि खांबाकडं पाठ करून कपात चहा ओतायला बसले.